राखणदाराची बकरी

"साहेब, आता ती काय खाली येवची नाय," जाळं गुंडाळता गुंडाळता बाबल तांडेल म्हणाला. "तिनं तुमचो रंग बगलो."

निकमसाहेब खडकावर बसून नडगी चोळत होते. बकरीमागे धावताना त्यांचा पाय घसरला होता आणि पॅन्ट गुडघ्याखाली चांगलीच फाटली होती. बाकीच्या बकऱ्या पाय बांधून होडीत टाकल्या होत्या, त्या एकसारख्या ओरडत होत्या. जी हातची सुटली ती मात्र गप्प होती. बेटाच्या माथ्यावर, माणसाचा पाय ठरणार नाही अशा कड्यावर उभी राहून ती आमच्याकडे बघत होती. तांबूस रंगाची, उजवा कान चिरलेली.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

बाबल माझ्याकडे बघेना. शेवटी मीच म्हटलं, "आमची."

"तुमची? मग हाक मारा की तिला."

"आता आमची नाही साहेब. राखणदाराची आहे. माझ्या सासूबाईंनी सोडलेली."

साहेब साताऱ्याकडचे. या देवखडप बेटावर वनपाल म्हणून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी बाबलकडे पाहिलं, तर बाबल जाळ्यातली गाठ सोडवण्यात गढून गेला होता. मग मला सगळं सांगावं लागलं.

आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक जागेला राखणदार असतो. देवखडपाचा राखणदार म्हणजे निवडुंगाच्या आडोशाला उभा असलेला, शेंदूर फासलेला काळा दगड. दर्यावर गेलेलं माणूस परत आलं नाही, की त्याच्या घरातली बाई एक पाठ, म्हणजे बकरीचं मादी पिल्लू, या बेटावर आणून सोडते. कान चिरायचा, राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं आणि मागे न बघता होडीत बसायचं. माणूस घरी आला, की त्याने स्वतः येऊन बकरी न्यायची. तोवर बकरी जिवंत तर माणूसही कुठेतरी जिवंत, असं धरायचं. बायकोने कुंकू पुसायचं नाही. बकरी मेली, तर देवाने उत्तर दिलं असं समजून माणसाचं क्रियाकर्म करायचं.

"आणि बकरी मी नेली तर?" साहेबांनी विचारलं.

"तसं कधी झालं नाही."

"जिना सोडली तिना गाऱ्हाणा घालून परत घेतली तर चलता," बाबल खाली बघतच म्हणाला. "पण कोण घेता? आपण होवन आशा सोडूची म्हणजे..."

साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहून नजर फिरवली. आमच्या घरातून कोण गेलं होतं, ते त्यांना कळलं असावं.

माझे यजमान आश्विनात होडी घेऊन गेले होते. बरोबर कोणी नव्हतं, वाराही फार नव्हता. होडी परत आली नाही. त्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती.

मी या बेटावर कामाला कशी लागले, हेही सांगायला हवं. सरकारने देवखडप पाखरांसाठी राखून ठेवलं, तेव्हा आधी एक खाकी कपड्यातला राखण्या ठेवला. त्याला कोणी जुमानलं नाही. वैशाखात पाखरं येत, उघड्या खडकावर अंडी घालत, आणि आमच्यातलेच लोक टोपल्या भरून अंडी नेत. मग आधीच्या साहेबांनी मला रोजावर घेतलं. त्यांना कोणीतरी अक्कल शिकवली होती. ना विधवा, ना सवाष्ण अशा बाईचं तोंड दर्यावर निघालेला माणूस बघत नाही. मी बेटावर उभी दिसले, की होड्या लांबूनच वळत. माझ्याइतका स्वस्त आणि पक्का पहारा सरकारला दुसरा मिळाला नसता.

मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बेटावर बरं वाटायचं. सकाळी बाबल मला होडीने सोडायचा, दुपार कलली की न्यायला यायचा. मी पूर्ण बेट फिरून यायची, लाटांनी आणून टाकलेले जाळ्यांचे तुकडे उचलायची. त्यात पाखरांचे पाय अडकत. साहेब त्या पाखरांना सुरय म्हणायचे, आम्ही नुसतं पाखरं म्हणत असू. ती घरटं बांधत नाहीत. खडकात एखादा खळगा बघतात, त्यात एकच अंडं, दगडाच्याच रंगाचं. वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. मी पाऊल टाकताना आधी पायाने चाचपायची, मग भार द्यायची. अजूनही मी अंगणात तशीच चालते म्हणून नातसून हसते.

बकऱ्या अर्थातच चाचपत नाहीत. मागच्या वैशाखात पश्चिमेच्या उतारावरची बरीचशी अंडी त्यांच्या खुरांखाली गेली. फुटलेल्या अंड्यांवर पाखरं तशीच बसून राहिली होती. साहेब तेव्हा नवीन होते, त्यांनी ते पाहिलं आणि डबा न उघडता परत गेले. तेव्हाच मला कळलं होतं, की बकऱ्या जाणार.

"हे बघा वहिनी," साहेब आता उठत म्हणाले, "बाकीच्यांचे कान चिरलेले नव्हते, त्यांना कोणी वाली नव्हता, त्या आणल्या. हिचं तुम्ही सांगता ते मला पटो न पटो, मी मान देतो. पण पाखरं यायला आता थोडेच दिवस राहिलेत. पुढच्या आठवड्यात वरून बंदूकवाला पाठवणार आहेत. मी नाही म्हटलं, तरी येणार."

"गोळी घालतील?"

"पकडता येत नसेल तर दुसरं काय करतील?"

मी वर पाहिलं. ती पुढचे दोन्ही पाय जवळ घेऊन उभी होती.

"तुमच्या सासूबाईंशी बोला," साहेब म्हणाले. "त्यांनीच सोडली ना?"

होडीत बसताना बाबल मला म्हणाला, "वयनी, काकीक सांगताना जरा सांभाळून सांग हां. म्हातारी कोयती घेवन येयत."

मी घरी आले तेव्हा आये पडवीत बांगड्यांना मीठ लावत बसली होती. आये म्हणजे माझी सासू. उंच, काटक बाई. तिच्या तोंडाला सगळी वाडी भ्यायची. बाजारात तिच्या पाटीतला मासा हाताने दाबून बघायची कोणाची छाती नव्हती.

"गावले काय सगळे?" तिने मान वर न करता विचारलं.

"एक रवली."

"खयची?"

"आपली."

तिचा हात थांबला नाही. बांगड्याच्या पोटात मीठ भरून तिने तो मडक्यात आडवा लावला.

"पायात बळ आसा म्हणायचा. थय पाणी खय पिता गो ती? कोंड तर सुकली आसतली."

"मी नेतंय."

"खयसून?"

"हयसून. कळशी भरून."

"रोज?"

मी पाटी तिच्याजवळ सरकवली.

"बाबल एका कळशेचा भाडा घेणा नाय ता बरा," आये म्हणाली.

मग मी बंदूकवाल्याचं सांगितलं. तिने पुढचा मासा उचलला, परत पाटीत ठेवला, आणि हात पाण्यात बुचकळून लुगड्याला पुसले.

"मगे तू काय सांगलंस साहेबाक?"

"आयेक विचारतंय म्हटलंय."

"ह्या बरा आसा तुझा. काय झाला की आये. तुझो भाव इलो होतो, तेव्हाय ह्याच सांगलंस."

भाऊ दोनदा येऊन गेला होता. मला माहेरी न्यायला, आणि खरं सांगायचं तर माझं पुन्हा कुठे जमतं का ते बघायला. त्याच्या मनात एक माणूस होता, बायको गेलेला, बंदरात कामाला. दोन्ही वेळा मी दारातच सांगितलं होतं, की बकरी जिवंत आहे, आये एकटी पडेल. भाऊ जाताना आयेला नको ते बोलून गेला. वाडीतही तेच बोललं जाई. म्हातारीने बकरीच्या दाव्याने सुनेला बांधून ठेवली आहे म्हणे. आयेच्या कानावर ते जात असणारच. तिने कधी तोंड उघडलं नाही. तिच्यासारखी बाई गप्प बसते म्हणजे ते खरंच असणार, असं लोक म्हणायचे.

"तू काय करतलंस आता?" मी विचारलं.

"मासळी खारवतंय. दिसणा नाय?" ती परत खाली बसली. "फाल्यां माका बेटार घेवन चल. बाबलाक सांग, होडयेत गोणपाट घाल म्हणान. माझ्या कमरेत लचक भरली आसा."

फाल्यां म्हणजे उद्या. त्या संध्याकाळी मी एकेक गोष्ट जुळवत होते. आये साहेबांशी भांडेल, सगळ्या वाडीच्या बायका घेऊन जाईल, बंदूकवाल्यापुढे आडवी पडेल. मला तसंच हवं होतं.

सकाळी साहेब आधीच बेटावर येऊन थांबले होते. बकरी दिसत नव्हती. होडी खडकाला लागली, तेव्हा साहेबांनी आयेला हात दिला.

"नको साहेब," ती म्हणाली. "तुम्ही तुमची नडगी सांभाळा."

साहेब हसले. आये हसली नाही. काष्टा खोचून ती चढायला लागली. बकरी सोडून आल्यावर ती पहिल्यांदाच या बेटावर पाय ठेवत होती. वाट तिला माहीत होती, पण मध्ये मध्ये थांबून ती खडकाकडे बघायची.

"पाखरां खय घालतत अंडी?" तिने मला विचारलं.

"तू उभी आसस थयच."

तिने पाय उचलून बाजूला ठेवला. अंडी अजून यायची होती, तरीही.

माथ्याजवळ आल्यावर तिने आम्हाला हाताने मागेच थांबवलं. जीभ टाळ्याला लावून ती कोंबड्यांना काढतात तसा एक आवाज काढायची. ती पाठ घरी होती तेव्हा तिला कोंडा घालताना काढायची, तोच. तिने तो काढला, आणि मग साध्या आवाजात म्हणाली, "ये गो बाय. मी इलंय."

बराच वेळ काही झालं नाही. नुसता वारा. बाबलने माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात निवडुंगाच्या मागून आधी चिरलेला कान दिसला, मग तोंड. माझ्या हातचं पाणी ती मी दूर गेल्यावर प्यायची. आयेच्या हाताला मात्र तिने सरळ येऊन नाक लावलं. आयेच्या हाताला माशांचा वास असणार, खारवल्याचा. ती मिठासाठी बोटं चाटायला लागली.

आयेने कनवटीची दोरी काढून तिच्या गळ्यात घातली.

मला वाटलं, ती तिला घेऊन साहेबांसमोर उभी राहील. पण ती दगडाकडे वळली. कमरेच्या पिशवीतून नारळ काढून तिने राखणदारापुढे ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा," ती मोठ्याने म्हणाली.

आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक बोलाला हुंकार द्यायचा. कोणी 'व्हय म्हाराजा' म्हणालंच नाही, तर ते देवापर्यंत पोचत नाही. बाबलने टोपी काढली.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ही बकरी तुझ्या पदरात घातली होती. तू ती सांभाळलंस. उन्हापावसात जगवलंस म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझो झील वासू तुझ्या दर्यार गेलो. तो आता येवचो नाय म्हाराजा. ती आशा मी आज परत घेतंय..."

बाबलने तोंड उघडलं. आयेने मागे न बघता हात वर केला.

"तू नको बाबल. आता तिना म्हणूक व्हया."

बाबल माझ्याकडे वळला. साहेबांना रिवाज माहीत नव्हता, पण तेही माझ्याकडे बघायला लागले होते. मला एक साधा शब्द म्हणायचा होता.

"आये, घराक चल," मी म्हटलं. "बंदूकवालो येव दे. आपण बगूया तेव्हा."

"बंदूकवालो आज नाय तर उद्या येयत. नाय इलो तरी बकरी केवा तरी मरतलीच मा? मगे काय करतलंस? दुसरी हाडतलंस?"

मी खाली बघितलं. मागच्याच महिन्यात बाजारात मी एक तांबूस पाठ बघितली होती. अगदी तशीच. तिच्या मालकाशी बोलतही उभी राहिले होते. आयेला ते कोणी सांगितलं असेल, की नुसतं माझ्या तोंडावरून कळलं असेल, देव जाणे.

"तू वाट बगतंस म्हणान मी ह्या करतंय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "रोज पाणी नेतंय ता कोणासाठी? तुझ्यासाठी. लोक तुका काय काय बोलतत. मी कोणाक कधी काय सांगलंय?"

"माझ्यासाठी?"

आये वळली. तिच्या हातातल्या दोरीला हिसका बसला आणि बकरी एक पाऊल पुढे आली.

"अगो शेवंती, त्याच वर्सा दिवाळेआधी त्याच्या होडयेची फळी लागली किनाऱ्याक. हिरवी, पिवळी पट्टी मारलली. माझ्या समोर त्यानं रंगवललली ती. ह्या बाबलान आणून दाखवली माका. इचार तेका."

बाबल जमिनीकडे बघत होता. त्याने विचारायची वेळच आणू दिली नाही. "काकीन शपथ घातलली वयनी," तो म्हणाला.

"तू तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलंस," आये म्हणाली. ती भांडत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "अन्न नाय, पाणी नाय. हाताची हाडां दिसत होती. एक गेलो, दुसरी जाता काय असा झाला माका. तुका उठवूक कायतरी व्हया होता. म्हणान बकरी सोडलंय. ती सोडून इलंय आणि तुका सांगलंय, बकरी जगली तर तो जगलो. तू उठान बसलंस. त्या सांजेक भात खाल्लंस."

"आणि फळी?"

"ती चुलीत घातलंय. तुझ्या नजरेक पडाक नको म्हणान. तेच्यारच तुझो भात शिजवलंय."

मला तो भात आठवला. पेजेसारखा मऊ, वर मीठ. आये समोर बसून एकेक घास खाईपर्यंत बघत होती. मी दोनदा मागून घेतला होता.

आता मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा बरीच म्हातारी आहे. पोर गेलेली बाई त्याच्याच होडीची फळी चुलीत सारते, आणि त्यावर परक्या घरातून आलेल्या मुलीसाठी भात शिजवते. तेव्हा मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. राग आला होता मला. इतकी वर्षं कपाळावर रोज जे लावत होते, ते काय होतं, असं वाटलं. मग रागही राहिला नाही.

आये परत दगडाकडे वळली. पदर सरकला होता, तो तिने नीट केला.

"माझो झील वासू तुझ्या दर्यार गेलो म्हाराजा," ती पहिल्यापासून म्हणाली. "तो आता येवचो नाय. ती आशा मी आज परत घेतंय. माझ्या सुनेक मोकळी कर. तिच्या पायातला दावा सोड म्हाराजा."

ती थांबली. मागे मात्र तिने बघितलं नाही. मला घाई नाही, असं तिची पाठ सांगत होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

आवाज इतका लहान आला, की वाऱ्यात गेला असं मला वाटलं. आयेने ऐकला. ती हळूच मान हलवून म्हणाली, "ऐकलंस मा म्हाराजा?" मग तिने नारळ फोडला, पाणी दगडावर शिंपडलं आणि एक भकल बकरीपुढे धरलं.

नंतर दोरी माझ्या हातात देऊन ती उतरायला लागली. चार पावलं गेली असेल नसेल, तिथेच खडकावर खाली बसली. मला वाटलं कमरेत लचक भरली. बाबल धावला. तेवढ्यात आयेने तोंड उघडलं.

तसा आवाज मी त्याआधी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. यजमान परत आले नाहीत तेव्हाही नाही, त्यानंतरच्या एकाही आश्विनात नाही. मयताच्या घरी पहिल्या दिवशी बाया रडतात तसं ती रडत होती, छातीवर हात मारून, त्याचं नाव घेऊन. लहानपणीची, लाडाची नावं, जी मला माहीतही नव्हती. निकमसाहेब लांब जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. बाबल मध्येच थांबला.

मी बकरीला ओढत तिच्यापाशी गेले आणि तिच्या खांद्याला हात लावला. "आये, पुरे आता," मी म्हटलं. "उठ. घराक चल."

तिने माझा हात बाजूला केला.

"थांब गो जरा," ती म्हणाली. "इतकी वर्सां माका रडूकच गावला नाय."